कित्ता म्हणजे वरच्यासारखं

सुधे, मी एक बाड मागून पुढे वाचलं. इतिहासात एम.ए. झालेल्या बाईनं. मथळा शेवटच्या पानावर निघाला, तेव्हा आपण काहीतरी उलटं धरलंय हे शाळकरी पोरीच्याही लक्षात आलं असतं. मी मात्र सगळ्या बिल्डिंगला ठासून सांगितलं की जुन्या मोडी दप्तरांत मथळा शेवटीच द्यायचे, तशी पद्धतच होती. बायकांनी माना डोलावल्या. तूही डोलावलीस. त्या उलट्या वाचनापायी तुझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि मोडलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

हे तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगतेय, कारण आता तू मध्ये बोलणार नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होऊ देशील.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी दोह्याजवळ लुसैलला नातवाच्या घरी होते. खाली ट्राम, समोर समुद्र, आणि काचेच्या घरात बसून मी मटार सोलत होते. आपल्या वेळी इथं नुसती वाळू होती. तुझ्या मुलाचा मेसेज नातवानं वाचून दाखवला, इंग्रजीतच, आणि विचारलं, "कित्ताआजी, आर यू ओके?" त्याला वाटतं कित्ता हे किटीचं लाडाचं रूप. मी म्हटलं, "ओके." आणि खरं सांगू? मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. दुसरा शब्द यायला बराच वेळ लागला. तोवर मटार संपले होते.

आपली ओळख दोह्यातल्या, मुशैरिबच्या त्या बिल्डिंगमधली. समोरासमोर दारं, मध्ये एक जिना, वर एक टाकी, त्यात टँकरचं पाणी. उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ उघडला तरी चहा होईल असं पाणी यायचं. तुझ्या दारावर तोरण बघून मी बेल वाजवली आणि तू दार उघडून पहिलं काय विचारलंस? "तुमच्याकडे कोकम आहे का?" मग बोलता बोलता निघालं की तुझं माहेर आणि माझं सासर एकाच गावचं. वाडी फक्त वेगळी. परदेशात असं निघालं की माणसं गळ्यात पडतात. आपण पडलो. तेव्हाच लांब राहायला हवं होतं.

तू सुंदर होतीस, हिशेबी होतीस आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरोबर असायचीस. माझ्या सोलकढीत मीठ जास्त. माझा मुलगा बोबडा. मी 'भाजी निवडते' म्हटलं की तू 'भाजी मोडते' म्हणायचीस, आणि वर, "आमच्याकडे असंच म्हणतात, जुन्या घरांत." जुनी घरं! तुझ्या आजोबांच्या आजोबांकडे तलवार होती, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की ती तलवार मलाच टोचायला लागली होती.

आणि मी कोण? पुण्यात दप्तरं वाचलेली, मोडी घडाघडा येणारी, दोह्यात येऊन भात लावणारी. नोकरीचा व्हिसा नाही, गाडी नाही. दिवसभर खिडकीतल्या एसीशी गप्पा. मला स्वतःची फार कीव यायची. आज त्या बाईला बघितलं तर थोबाडीत देईन. एक कीव केल्याबद्दल आणि एक त्या केसांच्या फुग्याबद्दल.

म्हणून मी माझ्या मामांना लिहिलं. मामा दप्तरखान्यात जात असत. आपल्या गावची जुनी खानेसुमारी त्यांनी शोधून काढली आणि एकाच बाजूला छापलेले सुटे फोटोस्टॅट सुट्टीवरून परत येणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवले. खानेसुमारी म्हणजे घरोघरची मोजणी: घर कुणाचं, बाप्ये किती, बायका किती, बैल, म्हशी, हत्यारं. मी ती पानं पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा रडले, हे तुला कधी सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबाच्याही बापाचं नाव होतं त्यात. घर गवती, बैल दोन, एक विधवा बहीण पोसतोय. दोनशे वर्षांपूर्वीचा एक गरीब माणूस दोह्याच्या स्वैपाकघरात माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. एवढ्यावर थांबले असते तर आज मी बरी बाई असते.

पानं सुटायला नकोत म्हणून सूकमधल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या, एका यमनी स्टेशनरीवाल्याकडे दिली. त्यानं हिरव्या कापडी पट्टीनं छान बांधून दिली. घरी आणून मी बाड आपल्या सवयीनं उघडलं, डावीकडे शिवण धरून. त्या बिचाऱ्यानं ती त्याच्या अरबी सवयीनं उजवीकडून शिवली होती. म्हणजे मी शेवटच्या पानापासून सुरुवात केली, कोरी पाठ आधी दिसली तर म्हटलं यानं पानं पालथी लावली, अडाणी मेला. आणि पुढं गेले.

आता नलूकडे येते. टाळतेय हे तुला कळत असेलच.

तुझी धाकटी बहीण नलू तुझ्या बाळंतपणाला आली होती. बारीक, काळीसावळी, हसली की डोळे मिटणारी. आणि आमच्याकडे शरद, माझा धाकटा दीर, सर्व्हेअर, हॉलमधल्या दिवाणावर झोपणारा. तो रोज संध्याकाळी तुझ्याकडे 'बाळाला बघायला' जायला लागला. बाळ झोपलेलं असलं तरी बघायचा. मी म्हटलं, "काय रे, बाळाचे कान कुणावर गेलेत?" तर म्हणाला, "बाळाला कान आहेत?" नलूनं त्याचं ऐकून मला 'मंदावहिनी' म्हणायला सुरुवात केली. तू एक दिवस जिन्यात म्हणालीस, "मंदे, म्हणजे आपण आता नात्यातल्या होणार. तुझ्या धाकट्या जावेची मोठी बहीण मी. जरा मान देत जा." थट्टेनं म्हणालीस. मला मात्र पुढची सगळी वर्षं दिसली: दिवाळी, बारशी, मुंजी, आणि प्रत्येक ठिकाणी तू माझ्या सोलकढीत मीठ मोजतेस.

त्या रात्रीच नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, शांत डोक्यानं मी बाड काढलं. डोकं तापलेलं होतं अशी सबब मला नको.

त्या यादीत प्रत्येक घरापुढे एक शब्द होता. खासे, नाहीतर लेकावळे. खासे म्हणजे लग्नाच्या बायकोचा वंश. लेकावळे म्हणजे विकत घेतलेल्या बटकीला मालकापासून झालेल्या लेकरांचा. आणि वरच्या घरासारखंच असेल तिथं आळशी कारकुनानं लिहिलं होतं, कित्ता. आपण शाळेत गिरवायचो तो कित्ता हा नव्हे; दप्तरात कित्ता म्हणजे वरच्यासारखं. तुमच्या घराचं पान सुरूच होत होतं कित्तानं. मी त्याच्या आधीचं पान बघितलं. म्हणजे माझ्या हिशेबानं आधीचं. तळाशी होतं, लेकावळे.

आठवडाभर मी ते पोटात ठेवलं. लोणच्यासारखं मुरू दिलं. आणि तुझ्याच घरी, तुझ्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, पडदे ओढून आपण आठ-दहा जणी बसलो असताना, बाड पिशवीतून काढलं. तिळगूळ देऊन झाला होता, त्यासोबत जे म्हणतात तेही म्हणून झालं होतं.

"वाच की आमचं," तू म्हणालीस. तूच म्हणालीस, सुधे. "तलवार आहे का बघ."

"आहे ना. तलवार एक, बैल सहा, म्हशी तीन." मी जरा थांबले. मला थांबता छान यायचं. "पण सुरुवातीलाच कित्ता आहे गं."

"कित्ता म्हणजे?"

"वरच्यासारखं. थांब हं, वर काय आहे बघते." मला पाठ होतं. तरी मी चष्मा लावून पान उलटलं. "लेकावळे."

नाशिकच्या त्या गोऱ्या बाई होत्या ना, त्यांनी विचारलं, "म्हणजे काय हो, मंदाताई?" त्यांनी विचारलं नसतं तर मी दुसऱ्या कुणाला विचारायला लावलं असतं. मी सांगितलं. सावकाश, वर्गात शिकवतात तसं, उदाहरणं देऊन. बटीक कशी विकत घेत, कशी आंदण देत, तिच्या लेकरांना काय म्हणत. नलू मसाला दुधाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे हलला नाही. तिनं उरलेल्या बायकांना दूध दिलं. मलाही दिलं. मी प्यायले. वेलची जास्त झाली होती, तेही सांगितलं.

 तू गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि मला वाटलं, एवढंच सोपं होतं तर आधी का नाही केलं.

सासूबाईंना मी कळवलं. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर ती पोरगी नको, असा त्यांचा निरोप आला: "माका ता चेडू नको." शरदनं तो सुरमईचं कालवण जेवताना ऐकला. म्हणाला, "आईचं मन मोडवत नाही, वहिनी. भात वाढा थोडा." कित्येक वर्षं मला वाटायचं, मी त्याचा कणा मोडला. मोडायला तो असायला तरी हवा होता. पण हे नलूला जेवढं लवकर कळलं तेवढं मला कळलं नाही. ती जाताना आमच्या दारात आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते, वहिनी." मी 'सुखी राहा' म्हटलं. म्हणायला जीभ वळली, हे विशेष.

त्यानंतर आपण भांडलो का? भांडलो असतो तर बरं. दोह्यात तेव्हा भांडण परवडायचं नाही. गॅसचं सिलिंडर तुझ्याकडून, बाजाराला तुझ्या नवऱ्याच्या गाडीतून, माझ्या पोराला ताप आला की हॉस्पिटलात अरबी बोलायला तू. त्यातली प्रत्येक मदत तू केलीस आणि मदत करताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. माझ्या नवऱ्यानं त्याच सुमारास आमच्या घराच्या पानाची ऑफिसात नक्कल काढून, फ्रेम करून हॉलमध्ये लावली. आमच्याही पानावर पहिला शब्द कित्ताच होता, आणि माझ्या वाचनानं त्याच्या वर होतं, खासे. आल्यागेल्याला ते दाखवायचे, "आमचं खासं घर." तू त्या फ्रेमखाली बसून माझ्याशी डाळीच्या भावाबद्दल बोलायचीस.

शरदचं लग्न झालं, दोन मुलं झाली. नलू शाळेत मास्तरीण झाली आणि लग्न केलं नाही. ते त्यामुळेच, असं तू कधी म्हणाली नाहीस. त्यामुळे नाही, असंही म्हणाली नाहीस.

मग ऐंशीच्या दशकात ते मोजणीवाले आले. घरोघरी माणसं मोजत फिरत होते. आपल्या बिल्डिंगला आलेला तो सुदानी मास्तर, उंच, पांढराशुभ्र झगा आणि डोक्यावर केवढं मोठं पागोटं. अरबी फक्त तुला येत होतं, म्हणून मीही तुझ्याकडेच येऊन बसले. त्यानं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "कम नफर?" किती माणसं. मला हसू आलं. नफर! माझ्या त्या मोडी पानांवर माणसं मोजायला हाच शब्द होता. तुला ते सांगायला गेले तर तू म्हणालीस, "गप्प बस, तो नवऱ्याचं नाव विचारतोय." मी सांगितलं. त्यानं पुढं बोट केलं माझ्याकडे, "मदाम?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "वाहिद." एक. एक रेघ ओढली. माझं नाव विचारलं नाही. एम.ए. तर नाहीच.

तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तू त्याच्या हाताकडे बघत होतीस. आमचं घर लिहून झाल्यावर त्यानं पान उलटलं, डावीकडून उजवीकडे, आणि तुमचं घर लिहायला घेतलं.

चहा पिऊन तो गेला. तू दार लावलंस. "मंदे, तुझं ते बाड कुणी बांधलं होतं?"

"यमन्यानं. सूकमधल्या. का?"

"आण."

"भात लावायचाय गं मला."

"आण म्हणते ना."

मी आणलं. तू ते माझ्या मांडीवर ठेवलंस, पालथं केलंस, आणि त्या मास्तरासारखं दुसऱ्या बाजूनं उघडलंस. पहिल्याच पानावर मथळा. जिथं जगातल्या सगळ्या मथळ्यांनी असावं तिथं. तुला मोडी येत नव्हतं. माझा चेहरा येत होता.

"वाच आता."

मी वाचलं. एक घर, खासे. पान उलटलं, तुमचं घर, कित्ता. "पुढे," तू म्हणालीस. तलवार एक, बैल सहा, म्हशी तीन, आणि म्हशींच्या खाली एक ओळ. ती मी हळदीकुंकवाला वाचलीच नव्हती. लेकावळ्यांच्या घरात ती कुठून येईल, कारकुनाची चूक असणार, म्हणून विदुषीनं गाळली होती. बटीक एक.

"नाव?" तू विचारलंस.

"नाव नाही. म्हशींचीही नाहीत."

 मला वाटलं, आता तू जिंकल्याचं सांगशील, पण त्या ओळीनं तुझ्या तोंडची चव गेली होती. मग म्हणालीस, "आता तुमचं."

आणखी दोन पानं. तळाशी लेकावळे. पान उलटलं. आमचं घर, गवती, बैल दोन, विधवा बहीण. कित्ता.

समोरच्या दारामागे, आमच्या हॉलमध्ये, तोच कित्ता काचेत टांगलेला होता.

"सुधे," मी म्हटलं, "माझ्या सोनीचं लग्न ठरतंय गं. ह्यांना कळलं तर..." माझा आवाज कसा झाला होता, त्याची नक्कल तू पुढे चाळीस वर्षं केलीस.

"मी कुणाला सांगणार नाही. तू नलूला सांग. तुझ्या तोंडानं."

"आता काय उपयोग? शरदला दोन पोरं आहेत."

"उपयोग कुणी विचारला?" आणि दार उघडून मला बाहेर घालताना म्हणालीस, "जा, भात लाव. कित्ता."

तेव्हापासून मी कित्ता. चारचौघांत, जिन्यात, सूकमध्ये. माझ्या नवऱ्याला वाटलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. ते कौतुकानं म्हणायचे, "सुधावहिनींनी काय नाव शोधलंय!" माझी मुलं म्हणायला लागली, मग नातवंडं. सगळं घर मला माझ्याच मूर्खपणाच्या नावानं हाक मारतं आणि त्याचा अर्थ फक्त आपल्या दोघींना माहीत. सोनीच्या लग्नात तिच्या सासूनं तुला बाजूला घेऊन घराणं विचारलं. मी ताटं लावता लावता थिजले. तू माझ्याकडे बघत, गोड हसत म्हणालीस, "घर ना? खास आहे हो. अगदी खास." माझी लेक सुखानं नांदली ती तुझ्या त्या एका शब्दावर. त्याबद्दल तुझे पाय धरावेत की तुझा गळा, हे माझं अजून ठरत नाही.

आणि प्रत्येक भेटीत, प्रत्येक फोनवर, शेवटी तेच. "सांगितलंस का, कित्ता?" आधी मी म्हणायचे, सोनीचं लग्न होऊ दे. मग, ह्यांची तब्येत बरी नाही. हे गेले तेव्हा तू आलीस, माझ्या शेजारी बसलीस, पाठीवरून हात फिरवलास. मला वाटलं, आज तरी नाही. तू कानाशी वाकून म्हणालीस, "आता त्यांचीही भीती नाही. सांगितलंस का?" मी त्या दुःखात हसले, सुधे. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

खरं कारण मी तुला सांगितलं नव्हतं. लेकावळे निघालो याची लाज मला पहिली दोन-चार वर्षंच वाटली. मग कधीतरी मी त्या नसलेल्या नावाचा विचार करायला लागले. माझ्या पोरांच्या अंगात कुणा बटकीचं रक्त आहे. तुमच्याकडच्या त्या बटकीसारखीच कुठल्यातरी म्हशींच्या खाली मोजलेली ती नफर पुरून उरली आणि तिची लेकरं आज काचेच्या घरात राहतात. मला तिचा अभिमान वाटायला लागला. आणि मग कळलं की तेव्हा बाड सुलटं असतं, सगळं बरोबर वाचलं असतं, खरंच तुम्ही लेकावळे निघाला असता, तरी मी जे केलं ते तेवढंच घाणेरडं होतं. हे नलूला कसं सांगणार? 'पानं उलटी लागली होती' एवढं सांगणं सोपं होतं. ते सांगितलं की चूक यमन्याची होते.

फ्रेम अजून माझ्याकडे आहे. आता नावासाठी ठेवली आहे. नसलेल्या.

काल मी नलूला फोन केला. तू आता विचारणार नाहीस म्हणून की काय, कोण जाणे. सकाळची वेळ, मागे कुकरची शिट्टी. तिनं आवाज ओळखला. "बोला, वहिनी." अजून वहिनीच, सुधे. ज्याच्या तोंडून तो शब्द तिनं घेतला त्यानं तिला सोडलं, शब्द तिनं सोडला नाही. मी सगळं सांगितलं. बाड, शिवण, कित्ता, गाळलेली ओळ, आठवडाभर मुरवलेलं, वेलचीसुद्धा. यमन्यावर काही ढकललं नाही. ती मध्ये एकदाही बोलली नाही. तुझी बहीण शोभत नाही.

माझं संपल्यावर तिनं आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "बाड सुलटं वाचलंत त्याच आठवड्यात ताईनं मला कळवलं होतं हो. आमची पैज होती. ती म्हणायची, मी जिवंत आहे तोवर ही बोलायची नाही. मी म्हणायचे, नाही गं, वहिनी तशा नाहीत, बोलतील. हरले मी."